उन्हात राबणाऱ्या माणसाचा डबा : भाकरी कमी करायची, पण ताकद कशी टिकवायची?

भुसावळची_ताई

मंडळी, नमस्कार. माझे मिस्टर रेल्वेत ट्रॅकमन आहेत, सध्या कीमनचं काम करतात. खांद्यावर पाना-हातोडा, सोबत झेंड्या, आणि आपल्या बीटवर रुळाच्या कडेनं चालत क्लिपा बघत जायचं, सैल दिसली की ठोकायची. आता होळी झाली, ऊन तापायला लागलं. रूळ तापून वाकायची भीती असते म्हणून पुढचे तीन महिने भर दुपारी पण गस्त असते. आपल्या भुसावळचा मे महिना कसा असतो ते इथं कुणाला सांगायला नको, पारा 45 च्या पुढे जातो.

मागच्या तपासणीत त्यांचं एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) 7.4 आलं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सुरू आहे. डॉक्टर म्हणाले, भाकरी-भात-पोहे आवरा, कार्बोहायड्रेट कमी करा. एवढंच सांगितलं. डब्यात काय द्यायचं ते विचारायला पुढच्या पेशंटनं वेळच दिला नाही.

सध्या ते सकाळी पोहे खाऊन निघतात. डब्यात दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) तीन भाकरी, एक भाजी, ठेचा. कामावर चार-पाच चहा. मोबाईलवर लो-कार्ब डबा शोधला तर लेट्यूस, चीज, ॲव्होकॅडो. हे आमच्या घरात कुणी खाणार नाही आणि रुळाकडेला झाडाखाली बसून तर नाहीच. फ्रीज नाही, गरम करायची सोय नाही, पहाटे पाचला भरलेला डबा कधी दहाला उघडतो, कधी एकला. अंडी चालतात, सोमवार आणि श्रावण सोडून. चक्कर येऊ नये आणि साखर पण वाढू नये, असा डबा सुचवा.

यावलकर

ताई, भाकरी तोडू नका. आमच्याकडे केळीचे घड वाहणारी माणसं दिवसभर पाठीवर ओझं घेऊन गाडी भरतात, ती भाकरीवरच. आमची आजी म्हणायची, भाकर बिगर जेवण म्हंजे उपासच शे. उन्हातल्या माणसाला नुसता पाला घालून चालणार नाही.

आहारवाली_धुळे

ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डब्याच्या आधी गोळीचं बोलते, कारण ते पहिलं आहे.

नुसती मेटफॉर्मिन असती तर एवढी काळजी नव्हती, तिच्यानं साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात भाकरी असो वा नसो. उद्यापासून तीन भाकरींची एक केली, चालणं तेवढंच, ऊन तेवढंच आणि गोळीही तेवढीच राहिली, तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, हातापायांची थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलणं अडखळणं ही तिची लक्षणं. उन्हात घाम तर येतोच, त्यामुळे ओळखायलाही उशीर होतो. आणि हा माणूस रुळावर उभा आहे. म्हणून डबा बदलण्याआधी डॉक्टरांकडे पुन्हा जा. "ह्यांचं काम असं आहे, मी कर्बोदकं अर्ध्यावर आणणार आहे, गोळीचं काय करायचं?" असं स्पष्ट विचारा. मात्रा तुम्ही आपल्या मनानं कमी करू नका.

खिशात ग्लुकोज पावडरची पुडी किंवा साखर कायम हवी. साखर खाली गेल्यासारखं वाटलं की सपाट तीन-चार चमचे, म्हणजे साधारण 15 ग्रॅम, पाण्यातून घ्यायचे. लगेच रुळापासून लांब सावलीत बसायचं. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढंच. त्या वेळी शेंगदाणे किंवा चॉकलेट कामाचं नाही, तेलामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. बरोबरच्या माणसांनाही हे सांगून ठेवा.

आता डब्याचं. यावलकर दादांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. काम अंगमेहनतीचं आहे, ताकद तर लागणारच. पण ती सगळी भाकरीतूनच यायला हवी असं नाही. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 70 ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडची भाकरी मोठी, एकीला 80 ग्रॅम पीठ सहज जातं. तीन भाकरी म्हणजे 165-170 ग्रॅम कर्बोदकं नुसत्या डब्यात. वर सकाळचे पोहे, ते प्लेटभर 50 च्या आसपास. आणि चहा. कपाला दोन चमचे साखर धरली तर 8-10 ग्रॅम, असे पाच कप. ताई, पहिला हात चहाच्या साखरेला घाला. तिथं पोट भरत नाही आणि साखर मात्र सरळ रक्तात जाते.

भुसावळची_ताई

हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. सोमवारीच दाखवून येतो. धन्यवाद ताई.

पारोळा_दादर

एक शंका. ज्वारी शुगरला चालते असं सगळेच म्हणतात. आमच्याकडे तर शुगर निघाली की गहू बंद, ज्वारी सुरू, आणि मग पाहिजे तेवढ्या भाकरी. दादर तर रब्बीची, चांगली पौष्टिक. मग?

आहारवाली_धुळे

ज्वारी मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा नक्कीच चांगली, तंतू जास्त असतात. पण पिठातल्या पिष्टाचा आकडा गव्हाच्या आसपासच आहे. बाजरीचा थोडा कमी, फार नाही. "चालते" याचा अर्थ "मोजून चालते" असा घ्या. पाहिजे तेवढ्या खाल्ल्या तर ज्वारीनंही साखर चढते, हे मी रोज रिपोर्टांत बघते.

गिरणाकाठ

ताई, आपल्या खान्देशच्या स्वयंपाकघरात याचं उत्तर आधीच आहे, फक्त ताटातला क्रम उलटा करायचा. भाकरी ढीगभर आणि तोंडी लावायला भरीत, असं आपण खातो. त्याऐवजी भरीत वाटीभर, डाळ वाटीभर, आणि त्यांच्या सोबतीला एक भाकरी.

भाकरी पण साधी नको, कळण्याची करा. ज्वारी आणि सालीचे काळे उडीद एकत्र दळून आणायचे, गिरणीत टाकतानाच खडेमीठ घालायचं. आमच्याकडे ज्वारीच्या चौथाईएवढे उडीद घालतात, तुम्ही थोडे वाढवले तरी चालतील. उडदात प्रथिनं ज्वारीच्या दुपटीहून जास्त असतात, आणि त्याच्या चिकटपणामुळे भाकरी गार झाली तरी लवकर तडकत नाही. डब्यासाठी हा फार मोठा गुण आहे. साधी दादरची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, मग माणूस ती रश्श्यात चुरतो आणि अंदाज न राहता जास्त खातो.

भरीत म्हणाल तर हिरवी-पांढरी मोठी वांगी, बामणोदकडची. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन पण आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजायची, साल काढून बडगीत (लाकडी उखळीत) हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची, वरून कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. टोमॅटो नाही, मसाला नाही. वांग्यात कर्बोदकं 100 ग्रॅमला 5-6 ग्रॅम. म्हणजे दोन वाट्या खाल्ल्या तरी साखरेला धक्का नाही, आणि शेंगदाणा-तेलानं पोट धरून राहतं. डब्यासाठी पात मात्र भरीत गार झाल्यावर घाला, नाहीतर पाणी सुटतं. गॅसवर भाजलं तरी हरकत नाही, चव थोडी कमी एवढंच.

डाळ डब्यात द्यायची तर उडदाचं घुटं. घट्ट ठेवा, चमचा उभा राहील इतकं. फोडणीत लसूण भरपूर, आणि वरून कच्चं तेल.

भुसावळची_ताई

कळणं आमच्याकडे हिवाळ्यात होतंच. बारा महिने करायचं डोक्यात आलं नव्हतं. पण उडीद उन्हाळ्यात जड पडत नाहीत का?

गिरणाकाठ

भाकरीत जातात तेवढे नाही पडत. घुट्याचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये त्या जागी मुगाची किंवा तुरीची घट्ट डाळ द्या. नवापूरची तूर मिळाली तर सोनंच, तिलाही मानांकन आहे. शिजतेही लवकर.

खांबावरचा_वायरमन

मी पंधरा फुटांवर चढून काम करतो, शुगर मलाही आहे. काय खायचं ते वरच्यांनी सांगितलं, मी डबा टिकवायचं सांगतो. आपल्या उन्हात निम्मी लढाई तीच आहे.

गरम भाजी डब्यात घालून झाकण लावायचं नाही. आतून घाम सुटतो आणि दहा वाजेपर्यंत भाजीला आंबूस वास येतो. परातीत पसरून, पंख्याखाली पूर्ण गार करून मग भरायची. भाकरीचं पण तसंच, जाळीवर गार करून सुती फडक्यात. ओलं खोबरं, दाण्याचं पातळ कूट, शिजलेला बटाटा, अर्धा कच्चा कांदा राहिलेली भाजी हे उन्हाळ्यात नको. सुकी भाजी, कोरडा झुणका, लसणाची नाहीतर शेंगदाण्याची कोरडी चटणी, तेलात परतलेला ठेचा हे टिकतं.

रात्री एक लिटरची पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये टाकायची, पाऊण भरून, पूर्ण भरली तर तडकते. सकाळी जाड पिशवीत मधोमध ती बाटली आणि दोन्ही बाजूंना डबे. दहापर्यंत डबा गार, बारानंतर प्यायला गार पाणी. दुसऱ्या बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळा. आपल्याकडचं ऊन कोरडं आहे, वारा लागला की पाणी मस्त गार होतं. जुनी माणसं कॅनव्हासची छागल वापरायची ते याच कारणानं.

आहारवाली_धुळे

वायरमन दादा, फार उपयोगाचं लिहिलंत. त्यात एक भर. उकडलेली अंडी, पनीर आणि मांसाहार हे 32 अंशांच्या वर उघड्यावर तासाभरापेक्षा जास्त राहू नयेत. अंडी द्यायची तर सोलू नका, कवचासकट बर्फाच्या बाटलीला लागून ठेवा आणि पहिल्या सुट्टीतच खायला सांगा. बर्फाची सोय झाली नाही त्या दिवशी अंडी घरीच, निघण्याआधी. एका अंड्यात 6 ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. सकाळच्या पोह्यांऐवजी दोन अंड्यांची भुर्जी आणि अर्धी भाकरी घेतली तरी मोठा फरक पडेल.

कीटो_चाळीसगाव

एवढं अर्धं-मुर्धं करण्यापेक्षा धान्य पूर्ण बंद करा. मी कीटोवर आहे, भाकरी नाही, डाळ नाही, फळ नाही. पनीर, अंडी, तूप, पालेभाजी. वजन पण उतरलं, साखर पण.

आहारवाली_धुळे

तुम्हाला फायदा झाला याचा आनंद आहे, आणि तुम्ही देखरेखीखाली करत असाल अशी आशा. पण ताईंच्या मिस्टरांना मी हे सुचवणार नाही, आणि कारण सांगते. दिवसाची कर्बोदकं 130 ग्रॅमच्या खाली आली की त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो म्हणजे 50 च्याही खाली. एवढं खाली गेलं की पहिल्या काही दिवसांत शरीर पाणी आणि मीठ जास्त सोडतं. एसीत बसणाऱ्याला त्यानं डोकं दुखेल. 44 अंशांत खडीवर चालणाऱ्याच्या अंगातून घामानं मीठ आधीच चाललेलं असतं, त्यात ही भर पडली तर तो कोसळेल. वर ग्लिमेपिराइड आहे.

वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते. ज्यांच्या गोळीच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन लिहिलंय, त्यांनी कीटो अजिबात स्वतःहून करू नये. त्या गोळीबरोबर कडक कीटो आणि पाण्याची कमतरता एकत्र आली की कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे रक्तात आम्ल साचून जीव धोक्यात येतो, आणि तेही साखर फार वाढलेली नसताना. मीटरवर आकडा बरा दिसतो म्हणून माणूस घरी थांबतो आणि उशीर होतो. किडनीचा त्रास असलेल्यांनीही प्रथिनं वाढवण्याआधी विचारायचं.

डब्याचा हिशेब मांडते. 50 ग्रॅम पिठाची एक कळण्याची भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, भरीत किंवा हिरवी भाजी भरपूर, दोन अंडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडी आणि ताक. कर्बोदकं साधारण 65-70 ग्रॅम, आणि प्रथिनं 35 च्या आसपास. भाकरी गेली म्हणून ताकद गेली असं होत नाही, कारण 30 ग्रॅम शेंगदाण्यांतच 170 कॅलरी असतात.

ताप्ती_लाईन

मी स्वतः रेल्वेच्या गँगमध्ये आहे, अमळनेर-नंदुरबारकडे. ताई, एक गोष्ट कुणी बोललं नाही. गँगमध्ये डबा एकट्याचा नसतो. सगळे गोल बसतात, सगळे डबे मधे. तुम्ही एक भाकरी द्याल, शेजारचा म्हणेल, "काय भो, एकाच भाकरीवर? घे ना," आणि दोन त्याच्या पानात टाकेल. नाही म्हटलं तर वाईट वाटतं. वर कुणीतरी शेवभाजी आणलेली असते, कुणी गूळ-पोळी.

आमच्यात एका काकांची शुगर वाढली तेव्हा मुकादमानं सगळ्यांसमोर सांगितलं, ह्यांना भाकरी वाढायची नाही, भाजी वाढा. लपवलं नाही, त्यामुळे सोपं गेलं. तुमच्या मिस्टरांना सांगा, गँगला सरळ सांगा. आणि भरीत, झुणका, काकडी दोघातिघांना पुरेल एवढं जास्त द्या. माणूस रिकाम्या हातानं नाही म्हणाला तर अवघडतो, आपल्या डब्यातलं वाढून नाही म्हणाला तर कुणाला काही वाटत नाही. साखर खाली गेली तर काय करायचं हे पण मग चौघांना माहीत होतं.

चहाचं तसंच. बिनसाखरेचा वेगळा कुणी करत नाही. आमचे काका घरून छोट्या थर्मासमध्ये आणतात.

भुसावळची_ताई

दादा, तुम्ही अगदी आमच्या घरातलं बोललात. डबा परत येतो तो रिकामा असतो, पण त्यात कोणी काय खाल्लं ते मला कळतच नाही.

सातपुडा_पायवाट

मी धडगाव-अक्कलकुव्याकडे आरोग्याच्या कामात होते. उन्हाळ्यातल्या भाज्यांचं लिहिते, कारण भरताची वांगी खरी हिवाळ्याची.

गिलके (घोसाळी) सगळ्यात सोपे. बारीक चिरून लसूण-मिरचीवर कोरडे होईपर्यंत परतायचे, वर दाण्याचं कोरडं कूट. गवार, शेवग्याच्या शेंगा, चिवळ, तांदुळजा, अंबाडी यांत कर्बोदकं कमी आणि पोट भरतं. अंबाडी आंबट असल्यानं टिकतेही बरी, फक्त तिच्यात कण्या घालायच्या त्याऐवजी तुरीची डाळ घाला. गंगाफळ (लाल भोपळा) गोडसर असतं, ते थोडंच. मोडाची मटकी परतून द्यायची असेल तर पूर्ण कोरडी करा, पाणी राहिलं तर तीच पहिली आंबते.

सुकट किंवा बोंबील खात असाल तर डब्यासाठी त्यासारखं काही नाही. भाजून, लसूण-लाल मिरचीबरोबर ठेचून चटणी करायची. कोरडी असते म्हणून उन्हात बिघडत नाही, आणि प्रथिनं भरपूर. सुक्या मासळीत मीठ फार, रक्तदाब असेल तर धुऊन आणि बेतानं.

पाण्याबरोबर ताक द्या, मीठ-जिरं घालून. नुसतं पाणीच पाणी प्यायलं आणि मीठ गेलं नाही तर पोटऱ्यांत गोळे येतात. सरबताच्या नावाखाली साखरेचं पाणी नको, लिंबू-मीठ पुरे. पण खरंच ऊन लागलं, उलट्या झाल्या, तर शुगर आहे म्हणून ओआरएस नाकारू नका. तिथं तेवढी साखर मीठ शोषायलाच लागते.

यावलकर

केळाचं विचारायचं राहिलं. आमच्या भागात केळ नको म्हणणं जड जातं.

आहारवाली_धुळे

मध्यम केळात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, मोठ्यात 30. म्हणजे छोट्या भाकरीचा बराचसा वाटा. ज्या दिवशी केळ, त्या दिवशी भाकरी अर्धी. खूप पिकलेलं नको, आणि जेवणावर वरून तर नकोच. लांबचं चालणं असेल तेव्हा आधी अर्धं केळ आणि शेंगदाणे, असं चालेल.

पारोळा_दादर

आणि उपासाला? सोमवारचं ताईंनी लिहिलंय.

गिरणाकाठ

साबुदाणा नको, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. भगर पण धान्यासारखीच मोजा. शेंगदाण्याची आमटी घट्ट, दही, काकडीची दाणे घालून कोशिंबीर, आणि राजगिऱ्याची एक लहान भाकरी. पण गोळी घेऊन, उन्हात चालायचं असताना कडक उपास करू नये असं मला वाटतं. देवाला माणसाची परिस्थिती माहीत असते.

भुसावळची_ताई

डॉक्टरांकडे जाऊन आलो. काम काय आहे ते ऐकून त्यांनी गोळी बदलून दिली, ग्लिमेपिराइड काढली, आणि पहिले पंधरा दिवस कामावरून आल्यावर आणि सकाळी उपाशीपोटी मीटरवर आकडा लिहून ठेवायला सांगितला. ग्लुकोजची पुडी तरी खिशात राहू द्या म्हणाले. सोमवारचा उपास सध्या फराळाचा नाही, एकवेळचं साधं जेवण, असं ह्यांनीच ठरवलं.

कळणं दळून आणलं, उडीद थोडे जास्त घातले. आजच्या डब्यात एक भाकरी, गिलक्याची कोरडी भाजी डबाभर, मुगाची घट्ट डाळ, दोन अंडी बर्फाच्या बाटलीजवळ, आणि गँगसाठी शेंगदाण्याचा ठेचा वेगळा. चहाचा थर्मास पण दिला.

आता एकच विचारायचं आहे. सुकटची चटणी करायची तर पूर्ण डबा वासानं भरतो आणि गँगमध्ये दोघं माळकरी आहेत. त्यांच्यासोबत बसून खायचं म्हणजे बरं दिसत नाही. दुसरं कोरडं, प्रथिनांचं काय देता येईल?

ताप्ती_लाईन

माळकरी असतील तर सुकट नकोच, अंडी पण त्यांच्यापासून बाजूला बसून, किंवा घरूनच खाऊन. डब्यात सोयाचे बारीक दाणे द्या. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, काळ्या मसाल्यात एकदम कोरडे होईपर्यंत परतायचे. सुक्या सोयात निम्मी प्रथिनं असतात. आमच्याकडे माळकरी आधी त्यावरच हात टाकतात, म्हणून वाटीभर जास्तच द्या.

खांबावरचा_वायरमन

पिळताना फडक्यात घालून पिळा ताई. हातानं पाणी पूर्ण निघत नाही, आणि पाणी राहिलं तर दुपारी वास येतो.